तुर्फान : पाऊस १६ मिलिमीटर, गाव द्राक्षांचं

पाटकरी (धागाकर्ता)

मध्यंतरी बेदाण्याचे दर पडले तेव्हा तासगाव-पंढरपूरकडच्या बागायतदारांची एकच ओरड होती, चीनचा बेदाणा आडमार्गाने येतोय. त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. पण तो माल ज्या मुलखात पिकतो त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही. चीनचा बहुतेक सगळा बेदाणा पश्चिमेकडच्या शिनच्यांगमधून येतो, आणि तिथे द्राक्ष म्हटलं की पहिलं नाव तुर्फानचं. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे मला ओढ द्राक्षांपेक्षा पाण्याची. निवृत्तीनंतर तिकडे जाऊन आलो, परत आल्यावर वाचत बसलो, त्यातून हा धागा.

आधी जागा समजून घ्या. उत्तरेला थ्येनशान पर्वतरांग, तिचं बोग्दा शिखर ५,४४५ मीटर उंच, बारमाही बर्फाचं. तिथून दीडशे किलोमीटरच्या आत जमीन उतरत उतरत समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली जाते. तळाला आयदिंगकोल तलाव. तलाव म्हणायचं इतकंच, बहुतेक जागी मिठाचा कडक पापुद्रा आहे. वर्षाचा सरासरी पाऊस १६ मिलिमीटर. आपण जत-आटपाडीला दुष्काळी म्हणतो, तिथेही चारशे-पाचशे पडतो. १६ जुलै २०२३ला तुर्फानच्या सानबाव गावात ५२.२ अंश तापमान नोंदवलं गेलं, चीनमधला आजवरचा उच्चांक. हिवाळ्यात तोच पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश उतरतो.

शहर म्हणाल तर २०१५पासून जिल्हा दर्जाचं. गावठाणाचा भाग म्हणजे गावचांग, शिवाय पिचान आणि तोकसुन हे दोन तालुके. सगळे मिळून वस्ती सात लाखांच्या घरात, बहुसंख्य उइगुर, म्हणजे तिथले तुर्की वळणाची भाषा बोलणारे मुस्लिम. तेलाच्या विहिरी आहेत, मोटार कंपन्या उन्हाळ्यात गाड्या तापवून बघायला येतात. ते सोडून देऊ. पिचानला मात्र एक गोष्ट बघण्यासारखी आहे : कुमताग वाळवंटाच्या टेकड्या थेट शहराच्या अंगाला येऊन थांबतात. शेवटची झाडं, मग एक रस्ता, आणि रस्त्यापलीकडे नुसती वाळू.

‘वाळवंटावर मात करून फुलवलेली शेती’ असं तिथल्या फलकांवर लिहिलेलं असतं. मला ते पटलं नाही. तुर्फानचं भांडवलच मुळी कोरडी हवा आहे. पाऊस नाही म्हणून बुरशीजन्य रोग कमी. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक, त्यामुळे साखर भरपूर भरते. आणि द्राक्ष काढलं की वाळवायला वेगळी शक्ती लागत नाही. गावाबाहेरच्या उंच, वाऱ्याच्या जागी कच्च्या विटांच्या खोल्या दिसतात, त्यांना उइगुर लोक चुंचे म्हणतात. भिंत बांधताना विटेआड विटेएवढी मोकळी जागा सोडलेली, म्हणजे सगळी भिंत जाळीदार. आत छतापासून जमिनीपर्यंत लाकडी दांड्या, त्यांना फांद्यांचे आकडे, आकड्यांवर घड. ऊन आत येत नाही, फक्त गरम वारा आरपार जातो. तीस-चाळीस दिवसांत बेदाणा तयार, आणि सावलीत वाळल्यामुळे हिरवा. मी गेलो तेव्हा खोली रिकामी होती, पण खालच्या मातीवर पडलेले मणी आणि काड्या तशाच होत्या, नि वास असा की बाहेर आल्यावरही शर्टाला येत होता.

आता पाणी. वर पडलेलं बर्फ वितळून पायथ्याच्या खडीगोट्यांत मुरतं. ते उघड्या पाटाने खाली आणायचं म्हटलं तर बाष्पीभवन एवढं की पोचेपर्यंत निम्मं-अर्धं उडून जाईल, शिवाय वादळात वाळूने पाट बुजेल. म्हणून कारेझ. पायथ्याला खोल विहीर खणून भूजल गाठायचं, तिथून अगदी थोड्या उताराचा बोगदा गावाच्या दिशेने खणत न्यायचा. जमीन जास्त उताराची, बोगदा कमी उताराचा, त्यामुळे पुढे कुठेतरी बोगदा आपोआप जमिनीवर येतो आणि पाणी विनापंप वाहू लागतं. हवा, माती आणि माणूस यांच्यासाठी मध्ये मध्ये उभ्या विहिरी. प्रत्येकीच्या तोंडाशी उपसलेल्या मातीचा ढीग, वरून पाहिलं तर वारुळांची रांग चाललीय असं वाटतं. सगळ्या कारेझांची बोगद्यांची लांबी मिळून पाच हजार किलोमीटर भरते म्हणतात. २०२४मध्ये त्यांना जागतिक सिंचन वारसा यादीत जागा मिळाली.

मान मिळाला खरा, पण १९५०च्या दशकात बाराशेच्या आसपास कारेझ वाहत होत्या, आता वाहत्या उरल्या दोन-तीनशे. कारण ओळखीचंच : विजेचे पंप. त्यावर पुढे बोलू. प्रश्न येऊ द्या.

---

चहाटळ

५२.२ अंश! आणि आम्ही चंद्रपूरकर उगाच मिरवत होतो. वाचतोय काका.

---

गोडीछाटणी

काका, फर्मास. बागायतदार आहे म्हणून थोडी भर घालतो.

तिथली मुख्य जात, चिनीत जिला ‘बिनबियांची पांढरी’ म्हणतात, ती म्हणजे आपली थॉमसनच. आपल्याकडची तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीसुद्धा थॉमसनचीच पिल्लं. म्हणजे तासगावचा नि तुर्फानचा बेदाणा सख्खे भाऊ आहेत, फरक हवेचा आणि वेलीच्या विश्रांतीचा.

विश्रांतीचं सांगतो. आपल्याकडे थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी. दोन्ही वेळा वेलीला जबरदस्तीने नवं वर्ष सुरू करायला लावायचं, वर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. मजुरी, औषध, डोक्याला ताप दुप्पट. तुर्फानला एकच छाटणी आणि मग वेल चक्क पुरतात. नोव्हेंबरच्या सुमारास मांडवावरून वेल उतरवायची, चरीत आडवी निजवायची, वर मातीचा जाड थर. मार्चअखेर उकरून परत मांडवावर. न पुरली तर थंडीने आणि कोरड्या वाऱ्याने लाकूडच मरतं. म्हणजे त्यांची दुसऱ्या छाटणीची मजुरी वाचते ती वेल पुरण्या-उकरण्यात जाते. कुणाचं फुकट नसतं.

दुसरं, सगळा माल चुंचेत नैसर्गिक वाळतो असं समजू नका. त्यांच्याकडेही आता लवकर वाळवणारं द्रावण वापरतात. आपलं डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं ना, साधारण तेच. त्यात घड बुडवले की मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर निघतं. आपण मग शेडात रॅकच्या जाळ्यांवर पसरतो, पंधराएक दिवसांत काम होतं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा हे गणित दोन्हीकडे सारखंच.

---

शेवंता

एक बावळट प्रश्न. जमिनीखाली अंधारात बोगदा सरळ दिशेने कसा खणत असतील? दोन विहिरींमधले लोक एकमेकांना चुकत नसतील?

---

पाटकरी

शेवंताताई, बावळट कसला, मला तिथे पहिला पडलेला प्रश्न हाच. दोन युक्त्या आहेत. एक, विहिरीच्या तोंडावर आडवं लाकूड ठेवायचं, पुढच्या विहिरीच्या रोखाने. त्याला दोन दोऱ्या बांधून खाली सोडायच्या आणि दोऱ्यांच्या टोकाला तसंच दुसरं लाकूड. वरच्या लाकडाची दिशा खाली उतरते. दुसरी युक्ती दिव्याची. खणणाऱ्याच्या पाठीमागे तेलाचा दिवा, त्याची सावली समोरच्या मातीवर पडते. सावली मधोमध पडतेय तोवर बोगदा सरळ. बाजूला सरकली की हात वळला.

खणण्यापेक्षा वाईट काम गाळ काढायचं. दरवर्षी करावंच लागतं, माती पडते, बोगदा चोंदतो. माणूस बर्फाच्या पाण्यात गुडघ्यावर बसून भरतो, वर बैल किंवा घोडा रहाट ओढतो. हे काम पिढीजात करणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्यांचे सांधे धरलेले असतात. त्यांची पोरं शहरात गेली यात नवल नाही. कारेझ मरण्याचं हेही एक कारण, पंपाला कुणी बर्फात बसवत नाही.

---

लेणीवेडी

काका, तुम्ही पाण्यावरून उठत नाही, म्हणून इतिहास मी घेते. :)

ह्युएन त्संग भारतात यायला निघाला तेव्हा इ.स. ६३०च्या सुमारास याच गावचांगला थांबला होता. तिथला राजा छ्यू वन्थाय कट्टर बौद्ध. त्याला हा विद्वान इतका आवडला की पुढे जाऊच देईना. शेवटी ह्युएन त्संगने अन्नपाणी सोडलं, तेव्हा राजा नरमला. परतताना तीन वर्षं राहीन असं वचन घेतलं, आणि मग मात्र घोडे, सोनं-चांदी, रेशमाचे तागे, वाटेतल्या चोवीस राज्यांना पत्रं, सगळं दिलं. तोच माणूस पुढे दहाएक वर्षांनी आपल्याकडे आला, पुलकेशीच्या राज्याबद्दल आणि इथल्या हट्टी, उपकार न विसरणाऱ्या लोकांबद्दल लिहून गेला. त्याने केलेलं डोंगरातल्या विहाराचं वर्णन अजिंठ्याचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. वचन पाळायची वेळच आली नाही, ६४०मध्ये चीनच्या थांग राजवटीच्या सैन्याने गावचांग जिंकलं, राजा त्याच धामधुमीत गेला.

तुर्फानची कोरडी हवा फक्त द्राक्ष वाळवत नाही. तुर्फानजवळच्या आस्तानाच्या थडग्यांत थांगकाळातले मोमोसारखे पदार्थ नि नक्षीच्या पेस्ट्र्या जशाच्या तशा सापडल्या. मृतांसाठी रद्दी कागदाचे बूट-टोप करायची पद्धत होती. ते उकलल्यावर आत जमिनीचे करार, कर्जाचे कागद, कोर्टकज्जे निघाले. यांगहाईच्या थडग्यांत सुमारे २,३०० वर्षांपूर्वीची द्राक्षवेलीची काडी सापडलीय. गोडीछाटणी यांच्या धंद्याचा तिथला वंशवृक्ष एवढा जुना.

बेझेक्लिकच्या लेण्यांतली चित्रं बघायला तुर्फानलाच जायला हवं असं नाही. जर्मनांनी कापून बर्लिनला नेलेल्यांतली मोठी चित्रं दुसऱ्या महायुद्धात बाँबखाली गेली, पण ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने आणलेल्यांपैकी काही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मध्य आशियाचं दालन, बहुतेक वेळा रिकामं असतं.

---

पाटकरी

लेणीवेडी, वा. मग मीही थोडं अवांतर करतो. कारेझचा प्रसार करणाऱ्यांत लिन झशू या मांचू दरबाराच्या अधिकाऱ्याचं नाव तिथे आदराने घेतात. १८३९मध्ये ज्याने इंग्रज व्यापाऱ्यांची वीस हजार पेट्यांच्या आसपास अफू नष्ट केली, तोच हा. त्या व्यापारात मुंबईहून जाणारी माळव्याची अफू मोठ्या प्रमाणावर होती आणि आपल्याकडचे कितीतरी व्यापारी त्यात होते. अफूचं युद्ध पेटल्यावर त्याचं खापर फोडून त्याला शिनच्यांगला हद्दपार केलं. १८४५मध्ये तो तुर्फान-तोकसुनकडे जमिनी बघत फिरला, कारेझ पाहून थक्क झाला आणि नव्या खणवून घेण्यामागे लागला.

मुळात ही विद्या इराणातून आली, चीनच्या आतल्या भागातून आली, की तिथेच उपजली, यावर भांडणं आहेत. त्यात पडत नाही. पण हेच शास्त्र आपल्या दाराशीही आहे. मलिक अंबरची संभाजीनगरची (औरंगाबादची) नहर बघा. जळगावहून जवळ, बुऱ्हाणपूरला १६१५चा कुंडी भंडारा तर तुर्फानच्या माणसाला घरच्यासारखा वाटेल : उभ्या विहिरी, खाली बोगदा, सातपुड्याचं मुरलेलं पाणी. लिफ्टने खाली उतरता येतं. चीनला जायची गरज नाही.

---

उपरोधनको

माहिती चांगली आहे, पण धागा वाचून पर्यटन खात्याचं पत्रक वाचल्यासारखं वाटलं. शिनच्यांग म्हटल्यावर उइगुरांचं काय चाललंय हे एका ओळीतही नाही? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२च्या अहवालात तिथल्या स्थानबद्धतेबद्दल ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात’ इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलंय. अमेरिकेने डिसेंबर २०२१मध्ये कायदा केला : शिनच्यांगचा कुठलाही माल सक्तीच्या मजुरीचा आहे असं गृहीत धरायचं, तसा नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. तो कापसाला लागू आहे, टोमॅटोला आहे, बेदाण्यालाही आहे. चुंचेचा वास छान असेल हो, आत घड टांगणारा कोण?

---

पाटकरी

प्रश्न योग्य आहे. मी पाण्यावर लिहायला बसलो होतो आणि दुसरा विषय एका ओळीत उरकण्यासारखा नाही, म्हणून घातला नव्हता. चीन सरकार हे सगळे आरोप नाकारतं, तिकडची भूमिका ‘रोजगार आणि प्रशिक्षण’ अशी. पर्यटकाला स्टेशनवरची तपासणी दिसते, चौकाचौकातले कॅमेरे दिसतात, गाइड काही विषयांवर गप्प बसतो तेही दिसतं. याहून जास्त मला तिथे कळणं शक्य नव्हतं, आणि मला दिसलं नाही म्हणून ते नाही असं मी म्हणणार नाही. अहवाल लोकांनी वाचावा.

तुर्फानपुरतं इतकं सांगतो : कारेझ, चुंचे, वेल पुरायची पद्धत, हे ज्ञान उइगुर शेतकऱ्यांच्या घराघरातलं आहे. फलकांवर ‘प्राचीन चिनी अभियांत्रिकीचा चमत्कार’ लिहिलेलं असतं, खणणाऱ्यांची नावं नसतात.

---

गोडीछाटणी

उपरोधनको यांच्याशी सहमत, आणि त्यात आपल्या बाजारासाठी एक वाईट गोष्ट दडलीय. अमेरिकेचं दार बंद झालं म्हणून माल पिकायचा थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. मग आमच्या सौद्यात भाव फुटतो.

---

शेवंता

पंपांचं सांगणार होतात काका.

---

पाटकरी

सांगतो, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते यावरच.

कारेझची गंमत ही की ती भूजल जेवढं देईल तेवढंच घेते. पातळी खाली गेली की पाणी कमी येतं, शेतकऱ्याला त्याच वर्षी कळतं. विंधन विहिरीचा पंप असं काही सांगत नाही, खोल खोल जात राहतो. साठच्या-सत्तरच्या दशकापासून पंप वाढले, द्राक्षांखालचं क्षेत्र वाढलं, पातळी बोगद्याच्या तळाखाली गेली आणि वरच्या गावाच्या पंपाने खालच्या गावाची कारेझ आटली. शिनच्यांगने २००६मध्ये कारेझ जपण्यासाठी नियम केले, जवळपास नव्या विहिरींना बंदी वगैरे. बोगद्याची दुरुस्ती होते, पण नुसता बोगदा दुरुस्त करून पाणी येत नाही.

मग आलं ठिबक. आपल्यासारखंच, ठिबक म्हणजे बचत हे समीकरण. पण हिशेब नीट मांडा. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही मुळांखाली झिरपून पुन्हा भूजलात जातं, ते खरं वाया गेलेलं नसतं. ठिबकने झिरपणं थांबतं. मीटरवर पाणी ‘वाचलेलं’ दिसतं, त्या वाचलेल्यावर शेतकरी आणखी दोन एकर लावतो, ते दोन एकर सगळं पाणी हवेत सोडतात. भूजल आधीपेक्षा जोरात खाली!

जागतिक बँकेने २०१०मध्ये तुर्फानसाठी १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्या प्रकल्पाची मांडणी मला म्हणून आवडली. शेताला किती पाणी दिलं हे मोजण्याऐवजी पिकातून आणि मातीतून हवेत किती गेलं ते मोजायचं, उपग्रहाच्या मदतीने. कोटा त्यावर. तेवढ्यात बसत नसेल तर क्षेत्र कमी करा. पुढे विहिरी बंद करून जमीन पडीक ठेवायचे कार्यक्रमही झाले. ते किती राजीखुशीने झाले, हा पुन्हा उपरोधनको यांचा प्रश्न. पण हिशेबाची पद्धत बरोबर आहे. आमच्या खात्यात उभ्या नोकरीत असा हिशेब कुणी मागितला नाही, लाभक्षेत्राचे हेक्टर तेवढे विचारायचे.

---

चहाटळ

म्हणजे अनुदानावर ठिबक बसवून मी ऊस वाढवला तो...

---

पाटकरी

मी काही बोललो नाही. :)

---

सह्यभटका

जायचं कसं? कधी?

---

पाटकरी

उरुम्चीपर्यंत विमान, तिथून वेगवान रेल्वेने तासाभरात. ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्ष असतात पण ऊन जीव घेतं. वसंतात वाऱ्याचा त्रास. हा वारा थट्टेवारी नेऊ नका, फेब्रुवारी २००७मध्ये तुर्फानजवळ त्याने रेल्वेचे ११ डबे उलटवलेत, माणसं गेली. घड्याळ सगळीकडे बीजिंगचं, त्यामुळे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जेवणाच्या वेळा हॉटेलवाल्याला विचारून घ्या.

---

माळरान

उशिरा वाचला धागा. गोडीछाटणी, जतकडे आमचा शेजारी हे वाचून जाळीच्या भिंतीचं शेड बांधायचं म्हणतोय. विना डिपिंग हिरवा बेदाणा, सेंद्रिय म्हणून विकायचा. चालेल का?

---

गोडीछाटणी

मनात माझ्याही येऊन गेलं. अडचण दिवसांची आहे. विना डिपिंग वाळवायला तिथे तीस-चाळीस दिवस लागतात, आपल्याकडे रात्री हवा दमट असते म्हणून अजून जास्त लागतील. आपली काढणी फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे माल एप्रिलभर शेडात अडकणार, आणि अवकाळी नेमका तेव्हाच येतो. एक सर आली, दोन दिवस ढग राहिले की मणी काळा पडतो, मग सेंद्रिय असो नाहीतर काही असो, सौद्यात कुणी हात लावत नाही. डिपिंग आपण हौसेने करत नाही, पंधरा दिवसांत माल शेडाबाहेर काढायचा असतो म्हणून करतो. शेजाऱ्याला हौसच असेल तर एका खोलीपुरतं करू दे, घरच्या एक-दोन क्विंटलचं. त्याआधी तलाठ्याकडून गेल्या काही वर्षांचे मार्च-एप्रिलचे पावसाचे आकडे काढून बघायला सांगा.